राजदूत जीटीएस (बॉबी) घरीच पुन्हा उभी करतोय – टाकीचा रंग ठेवू की काढू?

वाड्यातला

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला. जिन्याखालची खोली रिकामी करताना गोणपाटाखालून काकांची राजदूत जीटीएस मोटरसायकल बाहेर काढली. ही गाडी मी लहानपणापासून पाहत आलोय, पण चालताना एकदाही पाहिलेली नाही. काकांनी ती १९७५ साली घेतली. १९९१ च्या सुमारास ती बंद पडली आणि तेव्हापासून जिन्याखालीच होती. गेल्या रविवारी टेम्पोत घालून कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली.

नव्या लोकांसाठी थोडी ओळख. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने ही लहान चणीची गाडी काढली होती. इंजिन मात्र मोठ्या राजदूतचंच: १७३ सीसी, टू स्ट्रोक, तीन गिअर. मूळ घराणं पोलंडच्या एसएचएल एम-११ चं. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात दिसली आणि कंपनीने दिलेलं नाव मागे पडून हेच नाव तिला कायमचं चिकटलं.

आजची अवस्था: किक जागची हलत नाही, इंजिन जाम आहे. टाकीत हात घातला की बोटं तांबडी होतात. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट पिवळा थर आहे. चाकं फिरतात, ब्रेक लागत नाहीत. रंग मूळचा लाल, ठिकठिकाणी उडालेला, टाकीवर दोन्ही बाजूंनी बारीक चरे.

काका आता ७९ वर्षांचे आहेत. त्यांना गाडी चालवायची नाही, फक्त तिचा आवाज पुन्हा ऐकायचा आहे. दसऱ्याच्या पूजेला ती चालू असावी असं मनात आहे. सुरुवात कुठून करू? आणि पेंटर म्हणतोय की सगळा रंग उतरवून, लांबी (पुट्टी) भरून नवा मारू. मारू का?

टूस्ट्रोक_आजोबा

गाडी मिळाली त्याबद्दल अभिनंदन. रंगाचं नंतर बघू, आधी इंजिन. आणि त्याआधी एक विनंती: किकवर उभे राहू नका. जाम इंजिनावर जोर केला की पिस्टनची रिंग पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) अडकून तुटते आणि वाचण्यासारखा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) हकनाक जातो.

प्लग काढा. डिझेल आणि टू-टी (टू स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल निम्मं निम्मं करून साधारण ५० मिली प्लगच्या भोकातून आत सोडा. तीन-चार दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं घालत जा. मग चेन लावलेली असताना गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे करा. झटका द्यायचा नाही, नुसतं डुलवायचं. एक दिवस ते किंचित पुढे सरकेल. त्या दिवशीही गाडी सुरू करायचा मोह टाळा. हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि बॅरल (सिलिंडर) उतरवूनच बघा.

आता महत्त्वाचं. बहुतेक जण नवं बोअर किट टाकतात आणि क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) ऑइल सील तसेच ठेवतात. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं. पस्तीस वर्षं पडून कडक झालेल्या सीलमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि नवा पिस्टन तापून पुन्हा जाम होतो. गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेला असेल तर उलटं घडतं: गिअर ऑइल आत येऊन जळतं, पांढरा धूर थांबता थांबत नाही. लोक कार्ब्युरेटरला दोष देत बसतात. सील काही फार महाग नसतात, पण ते बदलायला इंजिन पूर्ण फोडावं लागतं म्हणून कंटाळा करतात. तुम्ही करू नका.

लेथवाली

आजोबांशी शंभर टक्के सहमत. माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, जुन्या गाड्यांचे बॅरल नेहमी येतात. त्यातून शिकलेलं सांगते.

पिस्टन आधी विकत घ्या, बोअर नंतर करा. म्हणजे ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन हातात घेऊन लेथवाल्याकडे जा आणि त्या पिस्टनचं माप घेऊनच बोअर करून घ्या. पिस्टनच्या डब्यावर ०.५० (म्हणजे अर्धा मिमी मोठा) लिहिलंय म्हणून तेवढा बोअर करून ठेवला आणि पिस्टन नंतर आणला, तर दोघांचं जमेलच असं नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या राजदूतचं असंच झालं. एका गॅरेजने पिस्टन घट्ट बसवला, पहिल्याच मोठ्या चढावर तो धरला. बॅरल वाया गेला नाही, पण एक ओव्हरसाइज वाया गेली. जुन्या गाडीत अशा मोजक्याच संधी असतात.

बोअर झाला की पोर्टच्या कडा बारीक फाइलने मोडून घ्या, नाहीतर रिंगा तिथे अडकतात. रिंग एकटी बोअरमध्ये घालून, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ०.२० ते ०.३० मिमीच्या आत असली पाहिजे.

आरटीओवारी

कागद आहेत का? आरसी बुक सापडलं असेल तर अर्धी लढाई जिंकलात. हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ भरून दुसरी प्रत मागावी लागेल. काका हयात आहेत हे फार चांगलं, त्यांच्या सहीने फॉर्म २९ आणि ३० वर गाडी तुमच्या नावावर होऊ शकते. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद संगणकात नसण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा संगम पुलाजवळच्या कार्यालयात आधी बॅकलॉग नोंदीबद्दल (जुन्या गाडीची संगणकात मागाहून नोंद) विचारा.

२०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं. पण मग ती गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुमचा नंबर जिवंत करता आला तर नेहमीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण बरं. पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी धरून चाला.

आणि रंगाआधी हे वाचा: चासी नंबर आणि इंजिन नंबर यांच्यावर ग्राइंडर, सँडब्लास्टिंग किंवा जाड पावडर कोटिंग चुकूनही होऊ देऊ नका. पेन्सिलीने त्याचा ठसा कागदावर घेऊन ठेवा. तपासणीत नंबर पुसट दिसला तर सगळं काम अडतं.

पाऊसवाट

गाड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण एक काळजी वाटली म्हणून लिहिते. त्या काळातल्या रंगांत शिसं असायचं. तुमच्या घरात लहान मूल असेल तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, धूळ उडते ती श्वासातून जाते. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, मास्क लावा, खाली कागद अंथरा आणि तो गुंडाळून टाका. कामाचे कपडे वेगळे धुवा. सोसायटीचं पार्किंग म्हणजे मुलांची खेळायची जागा असते.

वाड्यातला

पाऊसवाट ताई, मनापासून आभार. मुलगी सात वर्षांची आहे आणि ती माझ्यासोबत नट वेगळे करायला बसते. पेपर मारायचं काम आता गच्चीत, ती शाळेत असताना.

तीन आठवड्यांची खबर. नवव्या दिवशी चाक सरकलं! बॅरल उतरवला. एक रिंग खोबणीत पूर्ण चिकटलेली, भिंतीवर गंजाची एक उभी पट्टी. नाना पेठेत दोन शनिवार घालवले. इंजिनचं जवळपास सगळं मिळालं, कारण मोठ्या राजदूतचे भाग चालतात: पिस्टन, रिंगा, सील, गॅस्केट, क्लचच्या प्लेटा. फक्त जीटीएसचं म्हणून जे असतं ते कुठेच नाही. साइड पॅनेलचा एक क्लिप मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सापडला. बुधवारी गेलो तेव्हा नव्हता, रविवारी त्याच माणसाकडे होता. आरसी बुक काकूंच्या ट्रंकेत, त्यांच्या लग्नाच्या शालूखाली मिळालं.

आणि आता रंगाबद्दल. काल काकांना पार्किंगमध्ये आणलं. ते खुर्चीवर बसले, टाकीवरून हात फिरवला आणि त्या चऱ्यांवर थांबले. मला वाटत होतं ते साखळीचे किंवा किल्ल्यांच्या जुडग्याचे असतील. काका म्हणाले, "हे ताईच्या वाळ्यांचे." माझी चुलत बहीण दीड-दोन वर्षांची असताना काका तिला रोज संध्याकाळी टाकीवर बसवून सारसबागेला न्यायचे. ती पाय हलवायची आणि चांदीचे वाळे पत्र्यावर घासायचे. दोन्ही बाजूंना, बरोबर एकाच उंचीवर. मी तिथेच लांबी भरायला निघालो होतो.

पेंटरला फोन करून नको म्हणून सांगितलं. पण गंजाचं काय करू हे खरंच कळत नाहीये.

हिरवीगाडी

तुमची भावना पोचली, तरी मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी तीन गाड्या पूर्ण रंगवून उभ्या केल्या आहेत. गंज रंगाखालून चालतो. पुण्याच्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते, उडालेल्या रंगाच्या कडेने तो आत शिरतो आणि दहा वर्षांनी चरेही राहत नाहीत आणि पत्राही राहत नाही. गाडी टिकवायची तर पत्रा उघडा करून, प्राइमर मारून, नीट रंगवणं हाच उपाय. तुमच्या काकांनी ती नवी, झळझळीत असताना घेतली होती. त्यांना ती तशी पुन्हा दिसावी यातही प्रेम आहेच की.

टूस्ट्रोक_आजोबा

हिरवीगाडी यांचं म्हणणं फ्रेमच्या बाबतीत अगदी खरं आहे. फ्रेम, स्विंग आर्म, स्टँड, रिमा, जिथे गंजाने ताकद जाते तिथे रंग उतरवाच. फ्रेमच्या जोडांवर चीर आहे का ते उघड्या पत्र्यावरच दिसतं आणि तो जिवाचा प्रश्न आहे.

टाकी वेगळी ठेवा. बाहेरून साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. उडालेल्या जागचा तांबडा गंज तेलात बुडवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने फक्त तेवढ्याच जागी उचला, मग मेण लावा. दर पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा मेण. काम वाढतं, पण होतं. माझ्याकडची एक टाकी अशीच बावीस वर्षं टिकून आहे.

हिरवीगाडी

बावीस वर्षं मेण लावत राहणारा माणूस असेल तर माझी हरकत नाही. फ्रेम रंगवणार असाल तर लाल छटा टाकीवरून जुळवू नका, टाकी उन्हाने फिकी झाली आहे. सीटखाली, जिथे ऊन लागलं नाही, तिथला रंग दाखवून जुळवून घ्या.

पेट्रोलकॉक

बाहेरचा रंग राखायचा असेल तर आतला गंज काढायची पद्धत जपून निवडा. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावून करतात ती पद्धत उत्तम काम करते, पण फेस उतू जातो आणि सोड्याचं पाणी जुन्या रंगाला खातं. शिवाय हायड्रोजन निघतो, बंद पार्किंगमध्ये नकोच. कोणी केलीच तर आत सोडायची सळई साध्या लोखंडाची घ्या. स्टेनलेसची घेतली तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

तुमच्यासाठी लिंबूसत्व बरं. किराणा दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्याला ७०-८० ग्रॅम. टाकीच्या बाहेर झाकणाभोवती ग्रीसचा जाड थर, त्यावर प्लॅस्टिक. कॉकचं (पेट्रोलच्या तोटीचं) भोक रबरी बुचाने बंद. बारा तासांनी बघा, चोवीस तासांवर ठेवू नका. ओतून दिल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुवा आणि हेअर ड्रायरने वाळवा. वाळताक्षणी थोडं पेट्रोल आणि टू-टी ऑइल घालून सगळीकडे फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि तळाशीच तुमचा कॉक आहे. जुने रबर आणि बुचाचे वॉशर फुगतात. नळी इथेनॉलला टिकणारी घ्या, कॉकचे वॉशर बदला, आणि उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करा. घरी तपासायचं असेल तर काचेच्या मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा. इथेनॉल पाण्यात जातं. खालचा थर १० चा ३० च्या आसपास झाला तर सुमारे २० टक्के समजा.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा, चहासारखा तपकिरी आला पाहिजे. पांढरा दिसला तर थांबा.

वाड्यातला

टाकी साफ झाली, बाहेरचा रंग जसाच्या तसा आहे. पण कॉकच्या शेजारी सुईएवढी दोन भोकं उघडी पडली. गंजानेच ती बुजलेली होती. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ का?

लेथवाली

नाही! थांबा. पेट्रोलच्या टाकीला ज्योत लावायची नाही. धुतलेल्या टाकीतही वाफ राहते आणि स्फोट होतो, हे मी जवळून पाहिलंय. वेल्डिंगच्या उष्णतेने बाहेरचा रंगही जळेल. भोकं सुईएवढीच असतील तर गरम पाण्याने दोन-तीनदा धुवून, वाळवून, पत्रा घासून, मोठ्या इलेक्ट्रिक डाग-इस्त्रीने कथलाचा डाग द्या, तोही खालच्या बाजूने. जमलं नाही तर भोसरीला घेऊन या, मी देते. पैशांचं बोलू नका, वाळ्यांची टाकी मला बघायची आहे.

वाड्यातला

ताई, काल तुमच्याकडे जे शिकलो ते पैशांत मोजता येणार नाही. मुलीला तुम्ही मायक्रोमीटर धरायला दिलात, ती तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू मोजायला मागते.

इंजिन पुन्हा जोडून बंद केलं. आजोबांच्या निरोपाप्रमाणे गळती तपासली. आईच्या जुन्या बीपीच्या यंत्राचा फुगा आणि गेज वापरला. इनटेक आणि एक्झॉस्टला रबराचे तुकडे लावून बंद केलं, पिस्टन तळाला नेला आणि प्लगच्या भोकातून गेजच्या ३०० च्या खुणेपर्यंत हवा भरली. पहिल्यांदा काटा भराभर पडला. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे बॅरलच्या तळाच्या गॅस्केटपाशी आले. बदलल्यावर पाच मिनिटांत काटा जेमतेम हलला.

पण ठिणगीच नाही. चार संध्याकाळ गेल्या. नवा प्लग, नवी केबल, तरी नाही.

टूस्ट्रोक_आजोबा

पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन तुकडे) बघा. इतकी वर्षं पडून त्यांच्या तोंडावर थर येतो, डोळ्यांना ते स्वच्छ दिसतात आणि करंट जात नाही. बारीक पेपर एकदाच ओढा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेलं जाड पांढरं कार्ड ओढून पुसा. फट ०.४ मिमी. ठिणगी आली पण पिवळी आणि पॉइंटवरच जास्त चमकत असेल तर कंडेन्सर गेलाय.

टायमिंगसाठी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरा आणि मॅग्नेट (क्रँकवरचं चुंबकाचं चाक) हाताने सावकाश फिरवा. कागद ज्या क्षणी सैल होऊन सुटतो, तो क्षण मॅग्नेटवरच्या खुणेशी जुळला पाहिजे. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोडी मारली तर क्रँक वाकतो.

वाड्यातला

पॉइंटच होते. कार्ड ओढलं, ते काळं निघालं, आणि प्लगवर निळी ठिणगी!

आज सकाळी काका-काकूंना आणलं. दसऱ्याला अजून नऊ दिवस आहेत, पण काकांना थंडी-ताप येऊन गेला, म्हणून थांबावंसं वाटलं नाही. लिटरला ५० मिली ऑइल घालून पेट्रोल केलं, कॉक उघडला. मी सात-आठ किका मारल्या, फक्त फुसफुस. काका खुर्चीतून म्हणाले, "कार्ब्युरेटरची टिकली दाब, पेट्रोल वर येईपर्यंत. मग अर्धी किक, मग पूर्ण." पस्तीस वर्षांनी त्यांना क्रम आठवत होता. तसं केलं. दुसऱ्या किकला ती बोलली. आधी अडखळत, निळ्या धुराचा लोट सोडत, मग स्थिर. पार्किंगमध्ये तो टण-टण-टण आवाज भिंतींवरून परत येत होता. काकू तोंडावर पदर धरून हसत होत्या. काकांनी उठून टाकीवर तळहात ठेवला आणि दोन-तीन मिनिटं, इंजिन तापेपर्यंत, तो तसाच ठेवला. मग म्हणाले, "आता बंद कर. पहिल्याच दिवशी तापवू नकोस."

ताईला व्हिडिओ पाठवला आहे, ती आत्ता टोरंटोत झोपलेली असेल.

आजोबा, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. रन-इनसाठी (नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत) पहिले ५०० किलोमीटर हेच ५० मिली ठेवू ना, आणि नंतर ४० वर येऊ? आणि तिसरा गिअर टाकताना कधी कधी लिव्हर मधेच अडकते, ते क्लचच्या केबलचं असेल का?

टूस्ट्रोक_आजोबा

५० च ठेवा, पुढे ४०. एका दमात दहा किलोमीटरवर नेऊ नका, मधे थांबून गार होऊ द्या. लिव्हरसाठी आधी केबलची ढील बघा, हँडलपाशी दोन-तीन मिमी हवी. ढील जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्याने नाही गेलं तर गिअर ऑइल गरम असताना काढून त्यात पितळेचा चुरा दिसतो का ते कळवा.

काकांचा हात जिथे होता तिथे मेण लावायला विसरू नका. घामाने रंग जातो.